बारावा फर्मा

परवा स्टेशनवरून घरी चालत येताना सप्तपर्णीचा वास आला आणि मी रस्त्यातच मोठ्याने म्हटलं, आला बाई ऑक्टोबर. नेरूळमध्ये राहणाऱ्याला त्यासाठी कॅलेंडर लागत नाही. ज्या कुणी ही झाडं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लावली, त्याला त्यांच्या फुलांचा अंदाज नसावा. एखादं झाड असतं तर कौतुक केलं असतं. इथे रांगच्या रांग एकदम फुलते आणि संध्याकाळी खिडकी उघडली की वास थेट स्वयंपाकघरात. माझं डोकं उठतं. तरी मी दरवर्षी त्याची वाट बघते, कारण तो वास आला की आमच्या घरातली पुस्तकं उन्हाला निघतात.

खाडीजवळ राहायचं म्हणजे पावसाळा चार महिने घरात पाहुणा असतो. भिंतींना पोपडे, चपलांवर पांढरी बुरशी, पापड मऊ, आणि पुस्तकांच्या कपाटाचं दार उघडलं की ओल्या गोणपाटाचा वास. मग एक दिवस आभाळ धुतल्यासारखं निळं होतं, ऊन कडक पडतं, आणि आमच्या माई, म्हणजे माझ्या सासूबाई, गच्चीवर दोन जुन्या चादरी अंथरतात. त्यावर पुस्तकं उभी करायची, पानं पंख्यासारखी फाकवून. आडवी ठेवायची नाहीत. एका बाजूला सांडग्या-मिरच्या, एका बाजूला आम्ही. सोसायटीतल्या लोकांनी सुरुवातीला नाकं मुरडली. आता तेच विचारतात, "माई, आमची पण चार ठेवू का?"

पुस्तकं झटकली की त्यातून कसर पडते. चंदेरी, सळसळती, बारीक. ती पानांच्या कडा खाते, खळ तर फारच आवडीने खाते. म्हणून आमचे नाना, माझे सासरे, पुस्तकं बांधायच्या खळीत मोरचूद घालतात. मैदा शिजवायचा, त्यात चिमूटभर मोरचूद, निळं विषच ते. मी लग्न होऊन आले तेव्हा ती निळसर पेज ओट्यावर पाहून मला वाटलं, काहीतरी खायचं आहे. वाटीत काढून घेणार, एवढ्यात माईंनी जो आवाज टाकला, तो मला अजून ऐकू येतो.

नाना साताऱ्याकडचे. तरुणपणी रबाळ्याच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि तिथूनच रिटायर झाले. पुस्तक बांधणी त्यांनी कुणाकडून रीतसर शिकलेली नाही. कारखान्यात मशिनची मॅन्युअलं सुटी व्हायची, ती हे शिवत बसायचे. मग हात बसला. घरातलं एकही पुस्तक असं नाही, ज्याच्या पाठीला नानांचा हात लागलेला नाही. मला त्यांनीच शिकवलं की मोठ्या कागदाची घडी घालून सोळा पानं होतात, त्या जुडीला फर्मा म्हणायचं. असे फर्मे एकावर एक रचून शिवले की झालं पुस्तक. "आन् बग," ते म्हणायचे, "फर्म्याच्या मदोमद उघडायचं. तितं दोरा दिसला म्हंजे पुस्तक जित्तं हाय. दोरा दिसला न्हाई तर समज कुनीतरी फसवलंय."

मी महाप्याला एका पॅकिंग कंपनीत क्वालिटी बघते. माझ्या हातात लाल स्टिकरची गुंडाळी असते. खोका तिरका, शिवण सैल, छपाई फिकी, की लावला लाल. सुपरवायझर कितीही गोड बोलू दे, मालक स्वतः येऊन उभा राहू दे, लाल म्हणजे लाल. यात मी कुणाचं ऐकत नाही आणि मला त्याचा अभिमान आहे. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे घडलं त्यात मी तोंडावर पडले आहे.

ही गोष्ट पाच-सहा वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरातली. त्या साली पावसाळ्याच्या तोंडाशी नानांना पॅरालिसिसचा हलका झटका आला. बोलणं महिन्याभरात सुधारलं, पाय चालू लागला, पण उजवा हात थरथरायचा. फिजिओथेरपीची मुलगी यायची, रबराचा चेंडू दाबायला लावायची. नाना तो चेंडू दाबायचे आणि भिंतीकडे बघायचे. बांधणीची लाकडी पेटी पलंगाखाली होती. तिच्याबद्दल कुणी बोलायचं नाही.

मग खालच्या मजल्यावरच्या कांबळे मॅडम आल्या. मराठवाड्यातल्या शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेल्या, मुलाकडे राहायला आलेल्या, आणि आल्या आल्या त्यांनी क्लबहाऊसमधल्या रिकाम्या कपाटाचं वाचनालय करून टाकलेलं. त्यांच्याकडे दहा पुस्तकं पार खिळखिळी झाली होती. त्यांनी नानांसमोर एक जुनी रहस्यकथा ठेवली. "हे एक करून बघा. जमलं तर बाकीची नऊ देते."

बाकी कुणी असतं तर म्हणालं असतं, जमेल तेव्हा करा, घाई नाही. मॅडमनी 'जमलं तर' म्हटलं. मला तेव्हा ते जरा टोचलंच. नाना मात्र पलंगाखाली वाकले.

दहा-बारा दिवस ते त्या पुस्तकाला लागले. जुना दोरा काढला, तेरा फर्मे सुटे केले. एका फर्म्याची कड कसरीने खाल्ली होती, तिला पतंगाचा पातळ कागद लावला. सुईत दोरा ओवायला अर्धा अर्धा तास. "मी ओवून देऊ?" असं मी एकदाच विचारलं आणि त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुन्हा विचारलं नाही. पुस्तक शिवून, पुठ्ठा चढवून तयार झालं ते नेमकं खंडेनवमीच्या आदल्या दिवशी.

खंडेनवमीला आमच्याकडे हत्यारं पुजतात. त्या सोमवारी पाटावर नानांचा टोचा, सुया, कातरी, मेणाचा गोळा, आणि शेजारी ते नवं बांधलेलं पुस्तक. माईंनी त्यावर झेंडू ठेवला. नाना हात जोडून उभे राहिले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वैशाली, ह्ये पुस्तक नीट निगालं तर मॅडमची बाकीची आनतो. न्हाई निगालं तर ही पेटी कुनाला तरी देऊन टाक. उगं धूळ खात ठिवू नको."

बोलून ते चहा प्यायला गेले. माई झेंडूची एकच पाकळी कितीतरी वेळ सरळ करत राहिल्या.

आता आमच्या घरच्या वाचनाची रीत सांगायला हवी. पुस्तक घरात आलं की ते एकाच वेळी सगळे वाचतात. कुणाचं संपेपर्यंत थांबायचं, एवढा धीर कुणालाच नाही. सकाळी नाना, दुपारी जेवणानंतर माई, संध्याकाळी क्लासवरून आलेली माझी मुलगी ऋजुता, आणि तिच्यानंतर ऑफिसमधून आलेली मी. एका पुस्तकात चार खुणा. नानांची आइस्क्रीमची चपटी काडी, माईंची दुधाच्या पिशवीचा धुऊन पुसलेला कोपरा, ऋजुताचं केसांचं रबर, माझं कॅन्टीनचं कूपन. माझा नवरा संजय पुस्तक हातात आलं की शेवटचं पान आधी वाचतो, म्हणून त्याला बाद केलेलं. त्या आठवड्यात तर तो कामासाठी वापीलाच होता. आणि नियम एकच, नानांनीच घातलेला: पुढचं सांगायचं नाही. हूं नाही, चूं नाही, चेहऱ्यावरसुद्धा दिसता कामा नये.

दसऱ्याला सरस्वतीची पूजा उतरली, सोनं वाटून झालं आणि वाचन सुरू झालं. किती सुंदर आठवडा होता तो, खरंच. घरात ऑक्टोबर हीट, अंगाची लाही, पण संध्याकाळी खाडीवरून वारा यायचा. भरती असली तर गार, ओहोटी असली तर चिखलाच्या वासाचा. गॅलरीत खुर्ची टाकून मी त्या जुन्या बंगल्यातल्या खुनाच्या मागे लागायचे आणि आतून कुकरच्या शिट्ट्या. एका घरात चार माणसं एकाच बंगल्यात वेगवेगळ्या खोल्यांत फिरतायत, आणि जेवताना समोरासमोर बसून भेंडीच्या भाजीबद्दल बोलतायत. पावसाळाभर घरात औषधांशिवाय बोलणं नव्हतं. त्या आठवड्यात ते मागे पडलं.

ऋजुताने गुरुवारी द्वादशीलाच पुस्तक संपवलं. तिचा वेगच तसा. "कसं आहे?" म्हटलं तर म्हणाली, "मस्त आहे," आणि घाईघाईने पाणी प्यायला गेली. शुक्रवारी दुपारी माईंचं झालं. "बराय शेवट," एवढंच त्या म्हणाल्या आणि लसूण सोलायला बसल्या. लसूण कालच सोलून ठेवला होता.

शुक्रवारी संध्याकाळी मी एकशे शहात्तराव्या पानावर पोचले. सगळे संशयित दिवाणखान्यात जमलेले, इन्स्पेक्टर उठून उभा राहिलेला, आता तो नाव घेणार. पान उलटलं. एकशे त्र्याण्णव. सगळे चहा पीत होते. गुन्हेगाराला गाडीत घालून नेलं होतं.

मी दोनदा मागे-पुढे केलं. बारावा फर्माच नाही. सोळा पानं गायब. आणि गायब झालेल्या पानांपेक्षा मला ती पेटीच दिसायला लागली.

नाना तेव्हा कुठवर होते? काडी होती एकशे चाळीसच्या आसपास. ते हळू वाचायचे, पण वाचत होते. त्या आठवड्यात त्यांचं एक वेगळंच चाललं होतं. शुक्रवारी सकाळी ते मला हळूच म्हणाले होते, "वैशाली, मी वाचल्यालंच परत वाचतोय असं वाटतंय गं. डोस्क्यात पन काय झालंय का?" मी म्हटलं, "काही नाही नाना, रहस्यकथा असतातच तशा." केवढ्या आत्मविश्वासाने म्हटलं मी ते!

शनिवारी सुट्टी होती. सकाळपासून नानांचा चष्मा सापडेना. घर डोक्यावर घेतलं. शेवटी ते वैतागून तसेच सारसोळ्याच्या जेट्टीपर्यंत फिरायला गेले. मी गॅलरी झाडायला घेतली. कोपऱ्यात आमचा दगडी पाटा असतो. मिक्सर आल्यापासून त्यावर काही वाटलं जात नाही, पुस्तकांवर वजन म्हणून तो वापरतात. तो सरकवला आणि खाली दोन वर्तमानपत्रांच्या मध्ये, पापडासारखा सपाट वाळलेला, बारावा फर्मा. पतंगाचा कागद लावून वाळत ठेवलेला. लावला, ठेवला, तेवढ्यात फिजिओवाली आली असेल, आणि राहिला.

आता कुणीही शहाणं माणूस काय करेल? नाना आले की फर्मा त्यांच्या हातात देईल. मी काय केलं? मी उरलेली खळ शोधली. ती सुकून खडक झाली होती, म्हणून चमचाभर मैदा शिजवला. फर्म्याच्या घडीला मागून सढळ हाताने लावला, एकशे शहात्तर आणि एकशे त्र्याण्णवच्या मध्ये बसवला, दाबला, वर पाटा ठेवला. वीस मिनिटांत काम फत्ते. हात धुतले आणि स्वतःवर इतकी खूश झाले की काय सांगू. दुपारी भाताला तांदूळ काढताना डब्यात नानांचा चष्मा सापडला. तांदळात! मी ओरडले, "माई, हा बघा कुठे!" माई म्हणाल्या, "अगं बाई." चेहरा मात्र पडला. मला तेव्हाही काही कळलं नाही. हुशार माणसाचं असंच असतं.

रविवारी कोजागिरी. माई बदाम भिजत घालत होत्या, ऋजुता गॅलरीत अभ्यासाचं नाटक करत होती. नाना खुर्चीत बसून वाचत होते. साधारण अकरा वाजता मला एक आवाज आला. चर्रर्र. कागद सुटल्याचा. मी स्वयंपाकघराच्या दारात आले. नानांनी ते पान अंगठ्याने सोडवलं, थोडं वाचलं, थांबले. मग सात-आठ पानं पुढे गेले. एकशे चौऱ्याऐंशी आणि एकशे पंच्याऐंशीच्या मध्ये पुस्तक पूर्ण उघडलं. दोरा बघायला.

"हितं दोरा न्हाई," ते म्हणाले.

माईंनी बदामांच्या वाटीवर झाकण ठेवलं.

"ह्ये मी शिवल्यालं न्हाई. कुनीतरी चिकटवलंय." त्यांनी बोट लावून वास घेतला. "मोरचूद पन न्हाई. कुनी केलं?"

"मी," मी म्हटलं. "नाना, तो फर्मा पाट्याखाली राहिला होता. म्हटलं, तुम्हाला उगाच..."

"कवा सापडला?"

"काल."

ऋजुता आत आली. तिचे डोळे भरलेले. "आजोबा, मला गुरुवारीच कळलं होतं. म्हणून मी रोज तुमची काडी मागे सरकवत होते. दहा-दहा पानं. तुम्ही तिथे पोचूच नये म्हणून."

माईंनी पदराला हात पुसले. "चष्मा मीच टाकला होता तांदळात," त्या म्हणाल्या. "मला शुक्रवारी कळलं."

तिघींना माहीत होतं. पुढचं सांगायचं नाही, या नियमाच्या आड तिघी तीन ठिकाणी लपलो होतो आणि प्रत्येकीला वाटत होतं, नानांना आपणच वाचवतोय. खरं तर हसायला यायला हवं होतं. नाना हसले नाहीत. त्यांचा हात थरथरत होता आणि तो त्यांनी लपवला नाही.

"तीन दिवस," ते म्हणाले, "तीन दिवस मला वाटतंय माजं डोस्कं गेलं. वाचल्यालं आठवंना. चष्मा कुटं ठिवला आठवंना. राती पडल्या पडल्या मी फुटाची पट्टी, कातर, कानस, टोचा, एकेक हत्याराचं नाव घिऊन बगत होतो, ईसरलो का काय म्हनून." मग माझ्याकडे वळले. "आन् तू गं? कंपनीत दिवसभर लाल चिकटिवतीस. खोक्याला चिकटिवतीस, मानसाला चिकटिवतीस. मग मला का न्हाई? माज्यात आता चुकन्याइतका बी दम ऱ्हायला न्हाई असं वाटलं व्हय तुला?"

मला कुणी आयुष्यात इतकं लागेल असं बोललं नाही. आणि ते खरं होतं. महाप्याच्या पोराचा खोका तिरका असला तर मी त्याला बोलावून घेते, दाखवते, परत करायला लावते, कारण मला ठाऊक असतं की तो उद्या नीट करणार आहे. नानांच्या बाबतीत मी ते गृहीतच धरलं नाही. मी गपचूप झाकलं. झाकतो आपण कुणाचं? ज्याच्याकडून आता काही होणार नाही असं मनात ठरवलेलं असतं, त्याचं. मी हे मुद्दाम ठरवलं नव्हतं, पण ठरलं होतं.

मी पर्समधून स्टिकरची गुंडाळी आणली. एक लाल सोडवला आणि पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर, बरोबर मधोमध चिकटवला. "बारावा फर्मा शिवायचा राहिलाय, नाना," मी म्हटलं. "परत करा."

त्यांनी स्टिकरवरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "पेटी आन."

त्या दिवशी कुणी जेवायला बोलावलं नाही, ज्याला भूक लागली त्याने ताट घेतलं. नानांनी माझी खळ ओल्या फडक्याने सोडवली, मला चार शब्द ऐकवत. पुठ्ठा उतरवला, टाके उसवले, तेरा फर्मे रचले आणि मोठ्याने मोजले. सुई ओवायला वीस मिनिटं लागली. ऋजुता समोर बसून बघत होती, हात मागे बांधून. टाके वाकडे आले. चारची वेळ झाली, पाचची झाली. ऊन गॅलरीतून उतरून गेलं आणि सप्तपर्णीचा वास आत आला, आणि माझं डोकं मुळीच उठलं नाही.

संध्याकाळी सोसायटीच्या गच्चीवर दूध होतं. पुस्तक अजून ओलं होतं, म्हणून नानांनी ते फळीत दाबून, दोरीने बांधून तसंच वर नेलं. कांबळे मॅडमना म्हणाले, "एक फर्मा ईसरलो हुतो. घरच्यांनी पकडलं. परत शिवलाय. टाकं वाकडं हाईत, पर निगनार न्हाईत."

मॅडमनी फळीतूनच कडेने फर्मे मोजले. शिक्षिकाच ती. "तेरा," त्या म्हणाल्या. "नाना, उद्या सकाळी नातवाबरोबर नऊ पाठवते. त्यातल्या दोन पुस्तकांची पाठ फार वाईट आहे, आधी ती घ्या."

नानांनी फक्त मान हलवली आणि दुधाचा दुसरा ग्लास मागितला. डॉक्टरांनी साखर कमी सांगितली होती. मी बोलले. सगळ्यांसमोर बोलले. त्यांनी मुकाट्याने ग्लास खाली ठेवला, आणि मला वाटतं, मनातून ते खूश झाले.

परवा वास आला म्हणून काल आम्ही पुस्तकं गच्चीवर नेली. माईंना आता जिना चढवत नाही, त्या खालून फोनवर सूचना देतात. ऋजुता कॉलेजला गेली तरी पुस्तकं उभी करायला हजर. नानांचं वय वाढलं, हात तसाच आहे, महिन्याला एखादं पुस्तक होतं. काल त्यांनी एक बांधलेलं माझ्यासमोर ठेवलं आणि वर्तमानपत्र वाचत असल्याचं दाखवू लागले. मी ते सगळ्या बाजूंनी फिरवलं. मधोमध उघडलं, दोरा पाहिला. मग पर्स उघडली आणि लाल लावला.

"कुटं?" नाना म्हणाले.

"वरचा पुठ्ठा तिरका आहे."

त्यांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. "व्हय गं. सुतभर." पेपर बाजूला टाकून ते पेटी उघडायला वाकले. स्टिकर त्यांनी नखाने अलगद सोडवला आणि पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला लावला. तिथे पहिला आहे तो त्या कोजागिरीचा, कडा काळवंडलेला. त्याच्या शेजारी शेजारी बाकीचे. झाकण आता आतून लालच झालंय.

"हितली जागा सपली," ते टोचा शोधत म्हणाले. "पुडल्या साली भाईरनं लावायला घ्यू."